येळवसेला विचारलेला प्रश्न

कुसुमला छापील अक्षराचा धाक नव्हता, ही तिच्याबद्दल सांगायची पहिली गोष्ट. मला फार होता. छापून आलंय म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने तपासूनच छापलं असणार, अशी माझी समजूत होती, आणि अशा समजुतीची माणसं जास्त सुखात राहतात असं मला अजूनही वाटतं. कुसुम हातात मासिक आलं की आधी तळटिपा वाचायची, मग शेवट, आणि सगळ्यांत शेवटी लेख. "सुरुवातीला माणूस त्याला काय म्हणायचंय ते सांगतो," ती म्हणायची. "त्याने केलं काय, ते तळटिपेत असतं."

परभणीत आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायला होतो. मी वाणिज्य, ती समाजशास्त्र. ब्याऐंशी साली आम्हाला कुणी खोली देईना. मला एकटी बाई म्हणून, आणि तिला आडनाव विचारून. शेवटी दोघींनी मिळून विचारलं तेव्हा स्टेशनजवळ एका मुसलमान म्हातारीने मागच्या दोन खोल्या दिल्या. माझा भाऊ भुजंग मानवतहून खोली बघायला आला, भिंती ठोकून पाहिल्या, कडी लागते का बघितली, आणि पाणी न पिता गेला. "इथं जास्त दिस राहू नको," एवढंच जाताना म्हणाला. मी बारा वर्षं राहिले.

कुसुम पालमकडची. तिचं गाव पालमपासून चार कोसांवर, नाव मी सांगणार नाही. बाप लहानपणीच गेला. आई, चांगुणाबाई, गावातल्या आबासाहेबांच्या रानात रोजानं जायची आणि त्यावर हिला शिकवायची. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा कुसुम औरंगाबादला एम.ए. करत होती. ती गावी पोचली तेव्हा त्यांच्या घराचे नुसते काळे वासे उरले होते आणि चांगुणाबाई त्याच वाशांखाली चूल मांडून बसली होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भाजी चिरताना, आणि मी काही बोलायच्या आत विषय बदलला.

आमच्या ओळखीचे दत्तराव म्हणून एक निवृत्त हेडमास्तर परभणीतून एक त्रैमासिक काढायचे. सामाजिक प्रश्न, शेती, व्यापार, असं सगळं त्यात असे. शेवटची चार पानं 'छाननी' म्हणून कुसुमकडे होती. कुठं काही संशोधन छापून आलं, की ते खरं धरायचं का, हे ती त्या पानांत तपासायची. तिचे प्रश्न ठरलेले असत. कुणाला विचारलं, कुठं बसून विचारलं, आणि विचारताना शेजारी कोण उभं होतं. या तीन प्रश्नांनी तिने भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

एकदा मीच मोठ्या कौतुकाने तिच्यापुढे एक लेख ठेवला. मानवतच्या मोंढ्यातल्या अडत व्यवहारावर होता, आणि माझे वडील तिथंच एका अडतीवर मुनीम. दहातले नऊ शेतकरी अडत्यांवर समाधानी आहेत, असा त्याचा निष्कर्ष. मला बरं वाटलं होतं. कुसुमने लेख उलटा करून आभाराचं पान काढलं. लेखकाने बसायला जागा आणि चहापाण्याची सोय केल्याबद्दल अडत्यांचे आभार मानले होते. तिने लिहिलं: "मालकाच्या गादीवर बसून, मालकाचा चहा घेऊन, मालकाविषयी दिलेल्या उत्तराला उत्तर म्हणू नये, आभार म्हणावं." वडिलांनी ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. निजामाच्या काळात ते कोर्टात कारकुनी करत, त्यामुळे त्यांच्या तोंडी जुने शब्द होते. म्हणाले, "ह्या पोरीची जिरह वकिलावानी हाय." जिरह म्हणजे उलटतपासणी. तेव्हापासून ती तळटीप वाचायला बसली की मी म्हणायची, चला, कुसुमबाईंची जिरह सुरू झाली.

आणि ती जिरह आपपरभाव बघत नसे. नामांतराच्या बाजूने कुणीतरी एक पुस्तिका काढली होती, त्यात जळालेल्या घरांचे आकडे एका गावचे दोनदा धरले गेले होते. कुसुमने तेही दाखवलं. तेव्हा तिच्याच लोकांनी तिला रस्त्यात ओळख देणं सोडलं होतं. "आपल्याच माणसाचा पाय ओढला," म्हणाले. तिचं म्हणणं, उद्या दुसऱ्या कुणी ही चूक काढली तर उरलेली खरी घरंही जळाली नव्हती असं ठरेल. पटत होतं, पण मी म्हटलं, पटवून काय करायचंय, घरी नीट ये म्हणजे झालं.

ही सगळी प्रस्तावना झाली. खरी गोष्ट श्याऐंशीच्या पावसाळ्यात सुरू झाली.

कुसुमच्या गावच्या बौद्धवाड्याला स्वतःचं पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर बाया घागरी घेऊन कडेला उभ्या राहायच्या, आणि कुणी वरून ओतलं तर भरून आणायच्या. तीन उन्हाळे त्यांनी हापशासाठी अर्ज केला होता. त्या पावसाळ्यात कुसुमचा चुलतभाऊ पंडित कचेरीतून आलेलं उत्तर घेऊन आमच्या खोलीवर आला. उत्तरात लिहिलं होतं की अद्ययावत संशोधनावरून गावातले संबंध सलोख्याचे झाल्याचे दिसते, सबब स्वतंत्र हापशाची निकड नाही, विहिरीचा सामाईक वापर करावा.

"अक्का, हे संशोधन कुनी केलं?" पंडितने विचारलं. "आमाला तर कुनी सांगितलं न्हाई की सलोखा झालाय."

कुसुमने आठवडाभर कॉलेजची लायब्ररी पालथी घातली आणि पुण्याच्या एका नामांकित नियतकालिकात तो लेख शोधून काढला. लिहिणारे नावाजलेले प्राध्यापक होते. अठ्ठ्याहत्तरनंतर मराठवाड्यातल्या काही गावांत लोक पुन्हा कसे नांदू लागले, यावर त्यांनी लिहिलं होतं. गावांची नावं दिली नव्हती, नुसते क्रमांक. पण गाव क्रमांक तीनचं वर्णन वाचलं की पालमकडचा कुणीही माणूस बोट ठेवील. त्या गावात, लेख म्हणत होता, मजुरी पूर्ववत झाली आहे आणि संबंध सहभोजनापर्यंत पोचले आहेत.

मी भाकरी थापत होते. कुसुमने अंक माझ्यापुढे धरला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. "एका वृद्ध बौद्ध मजूर स्त्रीचे उद्गार बोलके आहेत," असं म्हणून पुढे तिचं वाक्य दिलं होतं: "मालकाच्या रानात पोटभर जेवलो. खाल्ल्या घासाची आण, कुणी आडपडदा ठेवला नाही."

"खाल्ल्या घासाची आण घेणारी बाई आमच्या गावात एकच आहे," कुसुम म्हणाली. "ती माझी माय."

माझी भाकरी करपली. मला पहिल्यांदा सुचलं ते हे, की आता ही गप्प बसली तर बरं. कारण गोष्ट सरळ होती. लेख खोटा ठरवायचा तर त्या बाईचं बोलणं खोटं ठरवायला हवं. ती बाई कोण, हे गावात सगळ्यांना माहीत. ती रोज सकाळी उठून आबासाहेबांच्या रानात जाते, बौद्धवाड्याच्या शेवटच्या घरात एकटी निजते, आणि एकदा तिचं घर जळालेलं आहे. मुलीने परभणीत बसून छापलं की माझी आई भीतीपोटी बोलली, तर त्याचं फळ मुलीला मिळणार नव्हतं. आणि नाही छापलं, तर हापसा नाही.

"लिहू नकोस," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला तरी लिहू दे."

"दुसऱ्याला कसं कळणार ती कुठं बसून बोलली ते?"

"तुला तरी कुठं माहीत आहे?"

हे मी बोलायला नको होतं. रविवारी आम्ही दोघी एसटीने पालमला गेलो आणि तिथून चिखल तुडवत गावी. मला सोबत कशाला नेलं ते तिने सांगितलं नाही. माझ्यासारखी मानवतची पाहुणी बरोबर असली की गावात कुणी फार चौकशा करत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

चांगुणाबाई नुकती खुरपून आली होती. माझ्यासाठी तिने घोंगडी झटकून अंथरली, आणि कुसुमने तिला वाक्य वाचून दाखवलं.

"व्हय, म्याच बोलले ते," ती म्हणाली. "खोटं कामून बोलू? जेवले की. पोटभर जेवले. भज्जी हुती, उंडे हुते, आंबील हुती."

"कुठं बसून जेवलीस?"

"बांधावर."

"ताट कुणाचं?"

"माजंच. घरून न्यावं लागतंय."

"आणि आंबील?"

"वाटीत घेतली. वरून वतली त्येंनी." चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाई, ही मला कोडतात हुबी करायलीय का?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. कुसुम मात्र थांबेना. "तो साहेब विचारत होता तेव्हा शेजारी कोण होतं, माय?"

"आबासाहेब हुबे हुते की. त्येंनीच आनलं त्या साहेबाला. म्हनले, चांगुणा, सांग ह्येंना, जेवलीस का न्हाई. मग म्या काय सांगू, न्हाई जेवले म्हनून? घास तर तोंडात हुता." आणि पुढे जे बोलली ते तिला स्वतःला अगदीच साधं वाटत होतं. "आन् त्यो दिस येळवसेचा. येळवसेला पाखराला बी इन्मुख धाडत न्हाईत, मला धाडतेत व्हय? ज्या साली आपली घरं जळाली त्या साली बी बोलावलं हुतं. तू बी हुतीस की तवा."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या मानवतकडे तिचा एवढा थाट नाही, पण पालम-गंगाखेडकडे त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा करतात, आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालतात. वैऱ्यालाही बोलावतात. नाही बोलावलं तर रान रुसतं, असं मानतात.

कुसुमने अंक मिटून पिशवीत घातला. परतताना एसटीत ती म्हणाली, "सुमन, ज्या वर्षी त्यांनी घरं जाळली, त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आम्हाला जेवायला घातलं. मी विसरले होते. मी स्वतः जेवले आणि विसरले." मग म्हणाली, "म्हणजे जेवलात का, हा प्रश्न येळवसेला विचारला तर उत्तर नेहमी हो येणार. जाळपोळीच्या वर्षीही हो. त्यावरून काही कळतच नाही."

मला वाणिज्यातलं कळतं तेवढंच कळतं. मी म्हटलं, काटा अडकलेल्या तराजूवर माल तोलला त्याने. ती म्हणाली, हो, तसंच. आणि आम्ही दोघी एकदम हलक्या झालो, कारण यात माईला खोटं पाडायची गरजच नव्हती. नुसती तारीख दाखवायची. लेखातच सर्वेक्षणाचे तीन दिवस दिले होते, त्याच वर्षीच्या जानेवारीतले, आणि येळवस कधी डिसेंबरात येते तर कधी जानेवारीत. घरी आल्यावर मी पुस्तकाला घातलेलं जुन्या कॅलेंडरचं जानेवारीचं पान सोडवलं आणि ताडून बघितलं. मधला दिवस अमावस्येचाच होता.

तो हलकेपणा दत्तरावांनी घालवला. कुसुमचा मजकूर वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कुसुमबाई, अठ्ठ्याहत्तर सालीही बोलावलं होतं, हा तुमच्या लिखाणाचा कणा आहे. तो कुणी सांगितला? तुमचेच तीन प्रश्न तुम्हाला कुणी विचारले तर?" त्यांचा आवाज मऊ होता, पण प्रश्न बरोबर होता. साक्षीदाराशिवाय ते वाक्य ऐकीव ठरत होतं, आणि साक्षीदार म्हणून मला एकच दिसत होती, तिला पुढे करायचं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात. कुसुम जेवताना हात थांबवून बसायची. मी ताट सरकवलं की दोन घास खायची आणि पुन्हा थांबायची. कुणी दार वाजवलं की मी आधी खिडकीतून बघायची. त्यात नामांतराचे मोर्चे चालूच होते, स्टाफरूममध्ये तो शब्द निघाला की लोक वर्तमानपत्रात डोकं घालत, आणि मला प्रत्येक वर्तमानपत्रामागे कुणीतरी ऐकतंय असं वाटे. मी तिला दोनदा रागावले. म्हटलं, तुझ्या एका पानासाठी म्हातारीचा जीव टांगणीला लावू नको. ती म्हणाली, "म्हातारी रोज विहिरीवर घागर घेऊन कडेला उभी राहते, तेव्हा तिचा जीव कुठं असतो?" यावर मी आणखी रागावले.

शेवटी तिने काय केलं ते मी अंकातच वाचलं. 'छाननी'त ती स्वतःला कधी 'मी' म्हणत नसे, नेहमी 'समीक्षक' असे. या वेळी तिने लिहिलं: "जाळपोळीच्या वर्षी येळवसेला त्या गावच्या बांधावर मी स्वतः जेवले आहे. आमच्या घराचे वासे तेव्हा काळेच होते. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मीही हो म्हणाले असते." आणि खाली: "लेखातल्या वृद्ध बाईचं उत्तर खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष तिचा नाही." आईचं नाव नाही, गावाचं नाव नाही. पण ज्याला ओळखायचं त्याला दोन ओळी पुरे होत्या. मी अंक मिटला आणि आमच्या दाराला नवं कुलूप आणलं.

दिवाळीच्या सुटीनंतर पुण्याच्या प्राध्यापकांचं पोस्टकार्ड दत्तरावांना आलं. फार काही नव्हतं. "येळवस हा शब्द मला माहीत नव्हता. मला त्या दिवशी सगळे प्रेमाने जेवताना दिसले, आणि मी ते लिहिलं. पुढील अंकात खुलासा करीन." माझा त्यांच्यावरचा राग त्या कार्डाने निम्मा उतरला. पंडितने तो अंक कचेरीत नेऊन दिला, आणि फाइल पुन्हा उघडली गेल्याचं कळलं.

आणि एका दुपारी आबासाहेब आले.

मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, पांढरा फेटा, काखेत दत्तरावांचा अंक. कुसुम उठून उभी राहिली. ते खाटेवर बसले. चहा मी केला होता हे बघून त्यांनी घेतला.

"तुझ्या शिक्षनाला म्या कदी आडवा आलो का, कुसुम?"

"नाही."

"माझ्या रानातून येळवसेला कुनी उपाशी गेलंय का?"

"नाही, आबासाहेब. मी तेच लिहिलंय."

"तसं न्हाई लिवलंस." त्यांनी अंक खाटेवर ठेवला. "तू लिवलंस की त्यो घास धरू नका, त्येला किंमत न्हाई. माझ्या बापापासून चाललेली येळवस हाय ती. देवासाठी करतो आमी. तू तिचा पंचनामा केलास."

कुसुमचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती म्हणाली, "पंचनामा मी नाही केला. त्या साहेबाला बांधावर आणलं तुम्ही. माईला विचारायला लावलं तुम्ही."

मला वाटलं आता काहीतरी होणार. आबासाहेब नुसते उठले. दारात वळून म्हणाले, "भिऊ नको. तुझ्या माईला कुनी बोट लावनार न्हाई. आमी तसले न्हाई." माणूस 'भिऊ नको' सांगून गेला की मला जास्त भीती वाटते. त्या संध्याकाळीच आम्ही पंडितला निरोप धाडला आणि चांगुणाबाईला परभणीला आणवलं.

ती महिना-दीड महिना आमच्याकडे होती. त्यातच येळवस येऊन गेली. तिला कोंडून ठेवल्यासारखं वाटे. नळाचं पाणी बघून आधी हरखली, मग तेही नकोसं झालं. "रानाची वल ग्येली असंल," म्हणायची. शेवटी स्वतःच एसटीत बसून गेली. गेल्यावर आम्ही रोज वाईट बातमीची वाट बघत होतो, आणि बातमी येत नव्हती. आबासाहेबांनी तिला कामावर घेतलं. मजुरी तीच, काम तेच. घरावर दगड आला नाही. उन्हाळ्यात कचेरीचे लोक आले, बौद्धवाड्यात बोअर घेतला, आणि हापसा बसला. पंडित पेढे घेऊन आला. कुसुमने पेढा खाल्ला आणि मी कित्येक महिन्यांनी पोटभर झोपले. मला वाटलं, निभावलं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात कुसुम म्हणाली, येळवसेला गावी जाऊ. चांगुणाबाईने या वेळी परभणीला यायला साफ नकार दिला होता. मला आतून धाकधूक होतीच, म्हणून मीही गेले.

आम्ही पोचलो तेव्हा ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती. समोरून बैलगाड्या रानाकडे निघाल्या होत्या. बायांच्या डोक्यावर आंबिलीची मडकी, मागे लेकरं. चांगुणाबाई प्रत्येक गाडीकडे बघत होती. आबासाहेबांची गाडी आली. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई डोक्यावर मडकं घेऊन गाडीमागे चालत होत्या. वाटेत त्यांची चाल जरा मंदावली, असं मला वाटलं. पण मान सरळच राहिली, आणि त्या पुढे गेल्या. आबासाहेबांनी आमच्या दिशेला बघितलंच नाही. मग गाव रिकामं झालं. बौद्धवाड्यातल्या एकाही घराला त्या दिवशी हाक आली नाही. गेल्या सालीही आली नव्हती, पंडितने मला नंतर सांगितलं, पण चांगुणाबाई तेव्हा परभणीला होती आणि तिला कुणी हे कळू दिलं नव्हतं.

"माय, आत चल," कुसुम म्हणाली. "मी भज्जी करते. सगळं आणलंय."

चांगुणाबाई उठली नाही. "त्वा लिवलंस ते म्या पंडितकडून वाचून घेतलं," ती म्हणाली. "त्यात येक अक्षर खोटं न्हाई. हापसा बी आला, बायांचे हाल चुकले. चांगलं केलंस." मग रस्त्याकडे बघतच म्हणाली, "पर कुसुम, वरीसभर मला त्या रानात ए बाई म्हनतेत. येळवसेला तेवढं नाव घिऊन बोलवायचे. चांगुणा, ये, जेव. त्येवढ्यासाठी जायची मी. भुकंसाठी न्हाई."

कुसुम तिच्याजवळ बसली. पाच वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, आणि ती रडते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.